तीन संगम आणि आजोबांचा कॅमेरा

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली कृष्णामाई सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना एका सूत्रात ओवीत खाली उतरते. या वाटेत तिला कित्येक नद्या-ओढे मिळतात. परंतु तीन भेटी विशेष मानाच्या. साताऱ्याशेजारी माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि सांगलीलगत हरिपुरास वारणा. हे तीनही संगम आमच्या परिचयाचे होते. तेथील पायऱ्यांवर बसून लहानपणी आम्ही फुटाणे खाल्ले आहेत. तथापि गेल्या मार्गशीर्षात जेव्हा आम्ही आणि आमचे धाकटे बंधू असे दोघे याच वाटेने निघालो, तेव्हा आमच्यासोबत एक लाकडी पेटी आणि एक अवजड तिकाटणे होते, आणि या दोन वस्तूंमुळे ओळखीची स्थळे आम्हांस नव्याने पाहावी लागली.

प्रवासाचे कारण सांगितले पाहिजे. सांगलीच्या गावभागात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. वाड्याच्या खालच्या मजल्यावरील कपाटात आमच्या आजोबांनी हौसेने घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा होत्या. अशा काचेवर जिलेटिनचा पातळ थर असतो व चित्र त्या थरातच असते. पाण्यात दिवसचे दिवस राहिला की तो थर फुगतो, काचेवरून सुटतो आणि गाळात मिसळून जातो. पूर ओसरल्यावर कपाट उघडले, तो काचा जशाच्या तशा. त्यांवरची माणसे मात्र गेली होती! २०२१ साली पाणी पुन्हा आत आले. भिंतींनी आता दम सोडला आहे. वाडा उतरवून तेथे इमारत बांधावयाची असे सर्व भाऊबंदांचे ठरले आहे. आमच्या थोरल्या काकू त्या वाड्यात सून म्हणून आल्या आणि आज ९१ व्या वर्षीही तेथेच आहेत. वाडा उतरण्यापूर्वी तो, आणि त्यात बसलेल्या काकू, आजोबांच्याच कॅमेऱ्याने पुन्हा एकदा टिपाव्यात, हा आमचा संकल्प. कॅमेरा आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावर होता म्हणूनच पुरातून बचावला.

खिशातल्या फोनने शंभर चित्रे निघत असता हा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. ती चित्रेही आम्ही काढली आहेतच. परंतु जे पाण्याने पुसले ते ज्या साधनाने निर्माण झाले होते, त्याच साधनाने त्याची थोडीशी भरपाई करावी, ही ओढ तर्काने समजावता येण्यासारखी नाही. शिवाय त्या पेटीतून काढलेले चित्र पावणेपाच इंच रुंद व साडेसहा इंच लांब अशा तुकड्यावर उमटते. तो तुकडाच कागदावर ठेवून उन्हात धरला की चित्र तयार. तपशील इतका बारीक, की भिंगाने पाहिले तर दाराच्या कडीवरचे ठोक्याचे खड्डे मोजावेत.

या आकाराला व्यवसायातील लोक ‘हाफ प्लेट’ म्हणतात. कॅमेऱ्याची रचना पाहू जाता अगदी साधी. पुढे भिंगाची फळी, मागे घासलेल्या काचेची चौकट आणि दोहोंना जोडणारा घडीचा भाता. पुढची फळी वर, खाली व बाजूला सरकते, कलतेही. मागची चौकटही कलते. भिंगाला झडप नाही. टोपी काढावयाची, सेकंद मोजावयाचे आणि टोपी घालावयाची. पॅरिसमध्ये दागेर याचा शोध १८३९ साली जाहीर झाला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांनी ही कला हाती घेतली होती. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर चित्रपटाचा कॅमेराच स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. तेव्हा सुतार, लोहार व हौशी माणूस एकत्र आल्यास या यंत्रात दुरुस्त न होण्यासारखे काही नाही, हा धीर आम्हांस परंपरेनेच दिला होता.

साताऱ्यात एक वयोवृद्ध छायाचित्रकार आहेत. स्टुडिओ बंद करून त्यांस बरीच वर्षे झाली. त्यांचेकडे पेटी नेली. त्यांनी ती अंधाऱ्या खोलीत नेऊन भात्याच्या आत विजेरी पेटवली, तो बाहेर आकाशात नक्षत्रे उगवावी तशी भोके दिसू लागली. “घाबरू नका हो,” ते म्हणाले, “भाता म्हणजे वहीची बांधणीच. कोपरे तेवढे जपायचे.” पातळ काळे कापड व सरस घेऊन दोन दिवसांत भोके बुजविली. मागची घासलेली काच फुटली होती. साध्या काचेचे दोन तुकडे घेऊन त्यांच्या मध्ये घासकामाची कार्बोरंडम पूड आणि पाणी घातले व ते एकमेकांवर गोल गोल फिरवीत राहिलो. तासाभरात दुधाळ काच तयार झाली. मात्र तिची घासलेली बाजू भिंगाकडे हवी, आणि भिंगापासून तिचे अंतर फिल्म जेथे येणार त्या अंतराशी तंतोतंत जुळले पाहिजे. यात केसाचा फरक पडला तरी काचेवर रेखीव दिसलेले चित्र फिल्मवर धूसर येते. लाकडी तिकाटण्याचे पेच सुताराने बदलून दिले. डोक्यावर घ्यावयाचे कापड आतून काळे व बाहेरून पांढरे शिवून घेतले, कारण उन्हात काळ्या कापडाखाली माणूस भाजून निघतो. गवंड्याचा छोटा ओळंबा, एक भिंग, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि प्रकाश मोजण्यासाठी फोन, एवढ्यात आमची सामग्री पुरी झाली.

निघताना त्या वृद्ध गृहस्थांनी एकच अट घातली: “कऱ्हाडापर्यंत फिल्म घालायची नाही. नुसते काचेवर पाहायचे. डोळा तयार झाला की मग हात.”

पहिला मुक्काम माहुली. गावाचे दोन भाग, क्षेत्र माहुली आणि संगम माहुली. मधून कृष्णा वाहते. रामशास्त्री प्रभुण्यांचे हे जन्मगाव. संगमावरील विश्वेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ पंतप्रतिनिधींनी बांधविले. पहाटेचे धुके निवळत असता आम्ही तिकाटणे पायऱ्यांवर रोवले आणि कापडाखाली शिरलो. प्रथम काळोख, मग हळूहळू काचेवर देऊळ उमलू लागले, परंतु उलटे. शिखर खाली, नदी वर, आणि स्नानास उतरलेला एक भटजी आकाशात लोटा बुडवीत होता! प्रकाश सरळ रेषेत जातो. शिखरावरून निघालेला किरण भिंगातून पार होऊन खाली पडतो, पायरीवरून निघालेला वर. आरशाची व्यवस्था नसल्यामुळे ही काच ते जसे पडेल तसे दाखविते. पहिल्या तासात डोके गरगरले. दुसऱ्या तासात एक चमत्कार घडला. उलट्या चित्रात देऊळ ‘देऊळ’ राहिले नाही, घाट ‘घाट’ राहिला नाही. उरले फक्त काळेपांढरे आकार. उजवीकडे काळोखाचे ओझे फार आहे, डावीकडे पाण्याचा उजेड रिकामा पडला आहे, हे जे सरळ पाहताना कधी जाणवले नव्हते ते आता सहज दिसू लागले. माहुलीस आम्ही लहानपणापासून जात आलो. तिची बांधणी आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या उत्तरेस लिंब गावी गेलो. तेथील बारा मोटांची विहीर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात ती बांधविली. अष्टकोनी विहीर, सुमारे ११० फूट खोल व ५० फूट व्यासाची. तिच्या पोटात चक्क एक महाल. एकाच वेळी बारा मोटा चालाव्या अशी योजना. येथे दुसरा धडा मिळाला. उंच अगर खोल वस्तू पूर्ण यावी म्हणून कॅमेरा वर किंवा खाली कलविला, की समांतर भिंती एकमेकींकडे झुकतात. खांब पडावयास आलेसे वाटतात. आमच्या पेटीत यावर उपाय आहे. ओळंबा लावून मागची चौकट उभी ठेवावयाची, आणि केवळ पुढची भिंगाची फळी खाली सरकवावयाची. विहिरीचा खालचा भाग काचेवर आला, आणि भिंती मात्र जशा वीरूबाईंच्या गवंड्यांनी बांधल्या तशा ताठ राहिल्या. उंच देवळासाठी हीच फळी वर सरकवावी. दगड रचणाऱ्याचा ओळंबा तीनशे वर्षांनंतर चित्र रचण्यासही उपयोगी पडला, याचा आम्हांस मोठा आनंद वाटला.

तिसरा धडा कऱ्हाडास. तेथे कृष्णा व कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि मग हातात हात घालून पूर्वेकडे वळतात. म्हणूनच त्याला प्रीतिसंगम हे गोड नाव आहे. यशवंतराव चव्हाणांची समाधी येथेच आहे. आम्ही घाटावर अगदी खाली बसून पाहत होतो. पायाजवळचा दगड रेखीव केला की पलीकडचा तीर धूसर. तीर रेखीव केला की दगड धूसर. भिंगाचे तोंड लहान केले तर दोन्ही साधतात, परंतु मग सेकंद वाढतात व वाहते पाणी दुधासारखे दिसते. याला दुसरी युक्ती आहे. पुढची फळी किंचित पुढे कलवावी. फिल्मची पातळी, भिंगाची पातळी आणि ज्या पृष्ठभागाचे चित्र घ्यावयाचे त्याची पातळी, या तिन्ही वाढविल्या असता एकाच रेषेत मिळाल्या, की तो सबंध पृष्ठभाग एकदम रेखीव होतो. थिओडोर शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. त्याने १९०४ साली त्यावर पेटंट घेतले. दोन नद्यांच्या संगमावर तीन पातळ्यांचा संगम साधताना आमच्या बंधूंना एवढा हर्ष झाला, की ते कापडाखालूनच “दादा, आले! सगळे आले!” म्हणून ओरडले, आणि घाटावरची पोरे काय आले ते पाहावयास धावली. एकेकाला कापडाखाली घेऊन उलटी नदी दाखविण्यात तास गेला.

कऱ्हाडचे स्टेशन ओगलेवाडीस आहे. येथील प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत होता. आमचे आजोबा त्यालाच लाल कागद गुंडाळून काचा धुण्याच्या खोलीत टांगीत. तेथून गाडीने निघालो. वाटेत किर्लोस्करवाडी लागली. १९१० साली माळरानावर वसलेल्या या गावाने महाराष्ट्रास नांगर दिले आणि मासिकेही दिली. संध्याकाळी मिरजेस उतरलो.

मिरज हे तंतुवाद्यांचे तसेच इस्पितळांचे गाव. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी येथे रुग्णालय उघडल्यापासून दूरदूरचे रोगी येथे येत आले. या लौकिकाचाच आम्हांस उपयोग झाला. आमच्या आकाराची फिल्म आज बाजारात सहजी मिळत नाही. परंतु क्ष-किरणांची फिल्म कापून ती वापरता येते. संगणकाने आता तीही मागे पडली आहे. एका परिचित डॉक्टरांच्या जुन्या खोलीत एका खोक्याच्या तळाशी ८ × १० इंचांचे पाच ताव उरले होते. एका तावातून आमचे दोन तुकडे होतात. म्हणजे एकूण दहा! वाडा, काकू आणि जे काही शिकलो त्याची परीक्षा, सर्व या दहांत. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्याच्या उजेडात ती कापता व धुता येते. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना थर असल्यामुळे नखाचा ओरखडाही सोसत नाही. थाळीच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवून एकेक तुकडा हलक्या हाताने धुवावा लागतो.

फिल्म जुनी, तिची गती किती उरली हे ठाऊक नव्हते. ही परीक्षा हरिपुरास केली. सांगलीहून हरिपुराकडे जाणारा चिंचेच्या झाडांचा रस्ता, शेवटी संगमेश्वराचे देऊळ, आणि कृष्णा-वारणेचे विस्तीर्ण पात्र. हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. हळदीच्या पेवांसाठीही ते प्रसिद्ध होते. सकाळच्या कोवळ्या उजेडात एफ ३२ एवढे तोंड ठेवून एकच तुकडा चार भागांत उघडा केला. प्रथम पूर्ण उघडून १ सेकंद. मग झाकणपट्टी पाव भाग आत सारून आणखी १. अर्ध्यापर्यंत सारून २. पाऊण सारून ४. म्हणजे एकाच तुकड्यावर १, २, ४ आणि ८ सेकंदांचे चार पट्टे. रात्री धुतला तेव्हा २ सेकंदांच्या पट्ट्यात चिंचेच्या सालीवरील भेगा आणि पाण्यावरील उजेड दोन्ही नीट उतरले होते. यावरून फिल्मची गती सुमारे ५० धरावी, असे फोनवरील मापाशी ताडून ठरविले. दुसऱ्या तुकड्यावर संगम घेतला. आता आठ उरले.

गावभागातील वाड्यात आम्ही दोन दिवस राहिलो. या कामाचा क्रम संध्येतील क्रमासारखा आहे. एक पायरी गाळली तर पुढचे सर्व निष्फळ. पाहणे, रेखीव करणे, भिंगाचे तोंड लहान करणे, टोपी घालणे, फिल्मची पेटी सरकविणे, झाकणपट्टी ओढणे, टोपी काढून सेकंद मोजणे, टोपी घालणे, झाकणपट्टी परत लावणे. दिंडीदरवाजा, माजघर, देवघराचा कोनाडा आणि चौक यांत पाच तुकडे गेले. चौकात कऱ्हाडचा धडा कामी आला. तुळशीवृंदावनापासून ओसरीच्या पायरीपर्यंतची प्रत्येक फरशी काचेवर एकदम स्वच्छ झाली.

उरले तीन, ते काकूंसाठी. त्या ओसरीवर खांबाशी बसल्या. लग्नानंतर आजोबांनी त्यांचे चित्र याच जागी काढले होते. त्याची काच पुरात गेली. एक छापील प्रत साताऱ्यास होती, ती आम्ही सोबत आणली होती. काकूंनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “अरे, सगळे म्हणत आले, काकूंचा शालू काळा होता. काळा कसा असेल? लाल होता तो. लालभडक!” तेव्हा उलगडा झाला. आजोबांच्या काचेलाही लाल रंग दिसत नव्हता, म्हणून शालू काळा उतरला; आणि दोन पिढ्यांनी तो काळाच मानला. आम्ही त्यांस सांगितले, की आमची ही फिल्मदेखील त्याच जातीची आहे. लाल नेसाल तर पुन्हा काळेच येईल. काकू हसल्या. आत जाऊन त्यांनी तो जुना शालू आणला व घडी करून मांडीवर ठेवला. “येऊ दे काळा,” त्या म्हणाल्या, “पण या खेपेस मागे लिहून ठेव.”

मग त्यांनी पाठीमागच्या भिंतीकडे बोट केले. तेथे पुराच्या पाण्याची मातकट रेघ होती. आम्ही ती झाकण्यासाठी चादर लावण्याच्या विचारात होतो. “नको,” त्या म्हणाल्या. “ती रेघ येऊ दे. पुढच्यांना कळू दे, पाणी कुठवर आले होते आणि तरी आम्ही कुठे बसलो होतो.”

कॅमेरा सात फुटांवर होता. रेघ चित्रात यावी म्हणून पेटी वर न कलविता भिंगाची फळी तेवढी वर सरकविली. खांब ताठ राहिला, रेघही आली. आमचे भिंग आठ इंचांचे. इतक्या जवळून रेखीव करताना भाता पावणेनऊ इंचांहून थोडा अधिक ताणावा लागला, म्हणून प्रकाशही सुमारे पाचवा हिस्सा अधिक हवा. एफ १६ ला सव्वा सेकंद आला. “काकू, आता हलू नका हं,” बंधू म्हणाले. “तुझे आजोबा तर श्वाससुद्धा रोखून धरायला लावीत,” त्या उत्तरल्या आणि स्थिर झाल्या. पहिल्या वेळी देवळाची घंटा झाली व त्यांनी मान वळविली. दुसऱ्या वेळी चौकात कावळा उतरला. तिसऱ्या वेळी सव्वा सेकंद वाड्यात काहीही हलले नाही.

रात्री न्हाणीघरात लाल दिव्याखाली तो तुकडा थाळीत घातला. तिन्ही चेहऱ्यांपैकी हाच रेखीव उतरला. उलट्या छटांत काकूंचे केस काळे झाले होते आणि मांडीवरचा शालू पारदर्शक, जणू तेथे काही नव्हतेच. कागदावर छापल्यावर केस पांढरे झाले व शालू, अपेक्षेप्रमाणे, काळा. सुरकुत्या या फिल्मवर खोल दिसतात. काकूंना त्याचे काहीच वाटले नाही. रेघ भिंतीवर आहे तशीच आडवी आली आहे.

वाचकांपैकी कित्येकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी किंवा काचांचा गठ्ठा असेल. पेटी असल्यास भाता तपासावा. काचा असल्यास त्या तळमजल्यावर ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात, एकेकीमध्ये कागद घालावा आणि लवकरात लवकर त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. परंतु त्याहून एक सोपे काम आजच करण्यासारखे आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ जुनी चित्रे घेऊन बसावे आणि यंत्राला जे दिसले नाही ते त्यांस विचारावे. आमच्या प्रतीच्या मागे शाईने तारीख, वार, गाव व पुराची दोन साले लिहिली आहेत. आणि शेवटच्या ओळीत, काकूंच्या सांगण्यावरून, एवढेच: शालू लाल आहे.